खोकणारा हॉर्न: पुरात बुडालेल्या एका आरएक्स 100 चं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी 1994 ची यामाहा आरएक्स 100. मालक एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. हे लिहायला त्यांची हरकत नाही, फक्त नाव नको म्हणाले, म्हणून इथे ते नुसते काका. त्यांची बरीचशी नोकरी चिपळूण–कराड गाड्यांवर, म्हणजे कुंभार्ली घाटात गेली. अशा माणसाला हॉर्नचं वेड असतं. आवाज मोठा की लहान याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. दाबला त्या क्षणी वाजला पाहिजे, एवढंच.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा गाडी पडवीत उभी होती. टाकी पूर्ण बुडाली. पाणी ओसरल्यावर ती आमच्याच गॅरेजात आली. त्या आठवड्यात दारात गाड्यांची रांग लागलेली, आणि जो तो विचारायचा की इंजिन वाचेल का. इंजिन उघडलं, गिअरचं ऑइल दोनदा बदललं, कार्बोरेटर धुतला, नवा प्लग टाकला. वायरिंगला काय केलं? साध्या पाण्याचा फवारा, हवेचा पाइप आणि ऊन. जुलैत चिपळुणात पडतं तेवढं ऊन. गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली आणि काका खूश होऊन घरी गेले. पुढची कहाणी या ‘वाळवलेल्या’ वायरिंगची आहे, म्हणून हे आधीच सांगितलं.

तीन वर्षं गाडी बिनतक्रार चालली. मधे काकांच्या मुलाने कुठूनतरी एक मोठ्या आवाजाचा हॉर्न आणून जुन्या हॉर्नच्याच वायरींवर जोडला.

अडचण

सप्टेंबर 2024 मध्ये काका आले. गाडीला 30 वर्षं झाली होती. खासगी गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षं चालते आणि नंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यामुळे आरटीओच्या तपासणीची तारीख जवळ आली होती. मी विचारलं, “काका, हॉर्न वाजतच नाही का?”

“वाजतो रे. पण खोकतो.”

वर्णन अगदी चपखल होतं. चावी लावून, इंजिन बंद ठेवून बटण दाबलं की ‘खर्र’ असा बसका आवाज यायचा. इंजिन चालू करून रेस केलं की थोडा सुधारायचा. आणि हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की एकदम ठणठणीत. काका हसत म्हणाले, “डावीकडे वळताना समोरच्याला कळतं, सरळ जाताना नाही.”

येण्याआधी त्यांनी दुसरीकडे दोन खर्च करून पाहिले होते. बॅटरी नवी टाकली होती आणि मूळ हॉर्नही नवा बसवला होता. दोन्हीने काडीचा फरक पडला नव्हता. उलट नव्या हॉर्नमागचा सेटिंगचा स्क्रू कोणीतरी आवाज वाढवायला म्हणून भरपूर फिरवलेला दिसत होता.

बॅटरीवर संशय घेणं चूक नव्हतं. या गाडीचं इग्निशन, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा, सीडीआय प्रकारची आहे, तिचा करंट इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोतून येतो, आणि हेडलाइटही मॅग्नेटोच्या एसी करंटवर लागतो. त्यामुळे बॅटरी मेलेली असली तरी गाडी किकने सुरू होते, उजेड पडतो आणि मालकाला पत्ताच लागत नाही. बॅटरीचं दुखणं पहिल्यांदा हॉर्न आणि इंडिकेटर सांगतात. फक्त इथे बॅटरीला काही झालेलं नव्हतं.

हॉर्नचा रस्ता

पुढचं समजण्यापुरतं सांगतो. बॅटरीच्या प्लसपासून करंट फ्यूज आणि चावीतून तपकिरी वायरीने हॉर्नच्या एका टोकाशी येऊन उभा राहतो. दुसऱ्या टोकाची गुलाबी वायर हँडलवरच्या बटणात जाते. बटण दाबलं की गुलाबी वायर अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परत जाणाऱ्या वाटेला, टेकते आणि सर्किट पूर्ण होतं. म्हणजे बटण प्लस देत नाही, अर्थ देतं. नव्या पोरांची इथेच गफलत होते. हॉर्नवर प्लस दिसला की त्यांचं समाधान होतं.

या गाडीत स्विचच्या डबीतून एक काळी वायर अर्थसाठी मेन वायरिंगमध्ये जाते. ती हँडलबरोबर वळते. तीस वर्षांत लाखो वेळा वळली असेल.

माझी पहिली चूक

आता थोडी लाज सोडून सांगतो. मी मीटर काढला आणि हॉर्नच्या क्लिपा काढून तपकिरी वायर तपासली. 12.5 व्होल्ट. मग मीटर बीपवर लावून गुलाबी वायर आणि चेसिस यांच्यामध्ये धरला, पोराला बटण दाबायला सांगितलं. बीप. प्लस येतोय, अर्थ मिळतोय, म्हणजे हॉर्न गेला. नवा असला म्हणून काय झालं, स्क्रू कोणीतरी पिळलेलाच आहे.

खात्रीसाठी त्यांचा हॉर्न सुट्या वायरींनी थेट बॅटरीला लावला तर तो ‘टक्’ करून गप्प. हॉर्नच्या आत एक गुंडाळी असते, ती पडद्याला ओढते. पडदा आत आला की पॉइंट उघडतात, गुंडाळीचा करंट तुटतो, पडदा मागे जातो आणि पॉइंट पुन्हा मिटतात. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि तोच आपल्याला ऐकू येणारा आवाज. स्क्रू फार फिरवला तर पॉइंट उघडतच नाहीत. हॉर्न एकदाच टकटकतो, करंट मात्र खात राहतो. तर हा हॉर्न खरंच बिघडवलेला होता, आणि त्यामुळे माझा चुकीचा निष्कर्ष मला आणखीच पक्का वाटला.

माझ्याकडचा चांगला हॉर्न लावला. हँडल सरळ, बटण दाबलं. खर्र.

अर्धा दिवस गेला होता. काका बाकावर चहा पीत बसले होते आणि काही बोलत नव्हते. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दाबून मोजल्यावर

चूक मोजण्याच्या पद्धतीत होती. क्लिप काढून मोजलं तेव्हा वायरीतून करंट वाहतच नव्हता, मीटरला लागतो तो नगण्य. करंट वाहत नसेल तर कितीही सडलेली वायर पूर्ण व्होल्टेज दाखवते. नळ बंद असताना चोंदलेल्या पाइपातही दाब पूर्णच असतो, तसं. बीपही असाच फसवा. स्वस्त मीटर वीस-तीस ओहमपर्यंतही आनंदाने बीप देतो. हॉर्नच्या वाटेत 2 ओहमचा अडथळा असला तरी पुरे; 2 अँपिअरला तिथेच 4 व्होल्ट गळतात.

मग सगळं जोडलेलं ठेवलं, हँडल सरळ केलं आणि बटण दाबून धरायला सांगून मोजलं.

बॅटरीवर 12.2 व्होल्ट. हॉर्नच्या दोन टोकांमध्ये 7.6. म्हणजे 4.6 व्होल्ट वाटेत हरवले. रेस केल्यावर आवाज का सुधारायचा तेही कळलं. चार्जिंगने बॅटरी चौदाच्या आसपास गेली की गळती वजा जाऊनही हॉर्नला जरा जास्त उरायचं.

हरवले कुठे? मीटरची एक काडी बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी हॉर्नच्या तपकिरी टोकावर ठेवली, 0.9 आलं. एक काडी हॉर्नच्या गुलाबी टोकावर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर ठेवली, 3.7. बेरीज बरोबर 4.6. अशी बेरीज जुळली की मला शाळेतल्या गणितापेक्षा जास्त आनंद होतो. चोर अर्थच्या बाजूला होता, आणि आम्ही सगळे, आधीचा मेकॅनिक धरून, प्लसच्या बाजूला त्याला शोधत होतो.

अर्थची बाजू आणखी तोडली. हॉर्नपासून हेडलाइटच्या डूममधल्या (मागच्या वाटीतल्या) कपलरपर्यंत, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडापर्यंत, 0.4. बटणाच्या पत्र्यांवर 0.5. आणि स्विचच्या डबीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत 2.8. काड्या तिथेच ठेवून पोराला हँडल हळूहळू डावीकडे वळवायला लावलं. आकडा 2.8 वरून घसरत 0.7 वर आला. सरळ केलं, पुन्हा 2.8.

आता काही शोधायचं उरलं नव्हतं. मानेपाशी, जिथे वायरिंग हँडलकडून चेसिसकडे वळतं, तिथली टेप सोडली. स्लीव्हच्या आत पुराचा गाळ तसाच होता, वाळून पिठासारखा झालेला. काळी वायर वरून धडधाकट, पण बोटांच्या चिमटीत दाबली तर एका जागी शेवग्याच्या शिजलेल्या शेंगेसारखी मऊ. तिथे ब्लेडने प्लास्टिक चिरलं. तांब्याची एकही तार सलग नव्हती. तुटलेली टोकं एकमेकांना जेमतेम टेकलेली आणि मधे काळी-हिरवी भुकटी. पितळेच्या भांड्यात ताक ठेवल्यावर कळकतं तशी ती वायर आतून कळकली होती. हँडल डावीकडे गेलं की टोकं दाबली जायची. सरळ झालं की थोडा करंट भुकटीतून आणि थोडा हँडल, कोन सेटचं (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचं) ग्रीस आणि चेसिस असा वळसा घेऊन जायचा. कोन सेट काही अर्थिंगसाठी बनवलेला नसतो.

पुढे काय करायचं: पर्याय

काकांसमोर वायर ठेवली आणि बोललो. चार वाटा होत्या.

पहिली म्हणजे तुटलेल्या जागी पीळ मारून टेप. दहा मिनिटांत तपासणी पास होईल. मी नको म्हटलं, कारण नेमक्या वळणाऱ्या जागी मारलेला पीळ पुढचा पावसाळा बघत नाही.

दुसरी, बॅटरीपासून हॉर्नपर्यंत वेगळ्या वायरी आणि वेगळं बटण. आपल्याकडे हे सर्रास होतं आणि चालतंही, पण खराब अर्थ तशीच राहते. त्या डबीतून जाणारं बाकी जे काही आहे ते आज ना उद्या रडणारच.

तिसरी, अख्खं वायरिंग नवं. या गाडीचं उत्पादन 1996 मध्ये थांबलं. बाजारात मिळणाऱ्या वायरिंगपैकी पुष्कळांत तांबं कमी आणि प्लास्टिक जास्त असतं, कपलर ढिले बसतात. शिवाय जुनं वायरिंग बाकी ठिकाणी कसं आहे हे आम्ही पाहिलंच नव्हतं. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतोय, पुढे त्याच्याकडे परत यावं लागणार आहे.

चौथी, खराब अर्थची वायर बदलायची आणि प्लसच्या बाजूचे 0.9 कमी करायचे.

“तुझी गाडी असती तर तू काय केलं असतंस?” काकांनी विचारलं. मी चौथी वाट सांगितली. तपासणीला पाच दिवस होते आणि मला वाटलं दुखणं एका जागेचं आहे.

दुसऱ्या हॉर्नचा प्रश्नही होता. बटणाचे पत्रे काळे पडले होते, कारण एका हॉर्नसाठी बनवलेलं बटण दोन हॉर्नचा करंट तोडत होतं. दोन ठेवायचे तर मधे रिले हवा. मग बटण फक्त रिलेची गुंडाळी चालवतं आणि हॉर्नचा करंट जाड वायरीने सरळ बॅटरीतून जातो. पण मुलाने आणलेला हॉर्न सुरांत वाजणारा होता. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 119 एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणाऱ्या आणि फार कर्कश हॉर्नला मनाई करतो. तपासणीत तो अडला असता. काकांनी विचारसुद्धा केला नाही. “काढ तो. एसटीत असलं काही लावलं असतं तर डेपोत उभं नसतं केलं.”

प्रत्यक्ष काम

काळी वायर स्विचच्या डबीपासून नवी ओढली, 1 चौरस मिलिमीटर तांब्याची, बारीक तारांची. जाड तारांची वायर वळणाऱ्या जागी लवकर मोडते. मानेपाशी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं आणि ताण येणार नाही एवढी ढील ठेवली. जोड मानेपासून दूर, टाकीखाली घेतला आणि झाळण्याऐवजी थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा, दाबून केला. कथील वायरीत वर चढतं आणि जिथे संपतं तिथे वायर काडीसारखी ताठ होते. हलत्या जागी ती तिथेच मोडते. झाळायला माझी ना नाही, पण न हलणाऱ्या जागी.

दुसरं टोक चेसिसच्या बोल्टवर. रंग लख्ख पत्रा दिसेपर्यंत खरवडला, थिंबल आवळलं आणि आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावलं. तिथून बॅटरीच्या मायनसपर्यंतची वायरही तपासली, ती चांगली निघाली.

बटण उघडून पत्रे पॉलिश पेपरने हलके घासले. प्लसच्या बाजूचे 0.9 बहुतेक फ्यूजच्या डबीत होते. हॉर्न दाबून धरल्यावर ती हाताला कोमट लागायची. क्लिपा हिरव्या पडल्या होत्या. डबी बदलली, फ्यूज 10 अँपिअरचाच ठेवला. कपलर एकेक करून काढले, साफ केले, परत बसवले. इथेही मी फक्त डूममधले आणि टाकीखालचे कपलर काढले. सीटखालून मागे जाणारे नाहीत.

शेवटी हॉर्नचा स्क्रू. काकांचा नवा हॉर्न थेट बॅटरीवर लावून स्क्रू थोडा-थोडा उलटा फिरवला. पाव फेऱ्याच्याही आत आवाज खुलतो आणि पुढे गेलं की पुन्हा बसतो. त्या मधल्या जागी थांबलो. हॉर्न गेलेला नव्हताच, नुसता पिळलेला होता. वायर दुरुस्त करण्याआधी स्क्रूला हात लावला की असं होतं: कमी व्होल्टेजवर सेट केलेला हॉर्न पूर्ण व्होल्टेजवर बिघडतो.

निकाल

बटण दाबून पुन्हा मोजलं. बॅटरीवर 12.3, हॉर्नवर 11.6. हँडल डावीकडे, उजवीकडे, सरळ, आकडा जागचा हलला नाही. काकांनी स्वतः दहा-बारा वेळा दाबून पाहिलं. समोरच्या दुकानदाराने बाहेर येऊन बघितलं. तपासणी पास झाली.

मे 2025 मध्ये काका परत आले. मागचा दिवा मिणमिणतो, इंडिकेटर लावला की ब्रेक लाइटही सोबत डोळे मिचकावतो. बघायच्या आधीच मला कळलं. मागच्या दिव्यांची अर्थही तशीच कळकली होती. सीटखालचा कपलर ओढला तर क्लिप हातात आणि वायर कपलरमध्ये. या वेळी मागचं सगळं वायरिंग बदललं. काकांनी पैसे विचारले तेव्हा मी मजुरी घेतली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

दाबून मोजायला मी अर्धा दिवस उशीर केला, हे सरळ आहे. त्याहून मला खटकतं ते पर्याय सांगताना केलेलं. बुडालेल्या गाडीत एक वायर आतून कळकलेली सापडली, तर बाकीच्या निरोगी आहेत असं धरायला माझ्याकडे काय आधार होता? पाणी काही फक्त मानेपर्यंत आलं नव्हतं. अख्खं वायरिंग बदलायचं नसेल तर नको, पण मागच्या अर्थवरचा व्होल्टेज ब्रेक दाबून मोजायला दोन मिनिटं लागली असती. मी हॉर्नची तक्रार दुरुस्त केली, गाडी तपासली नाही.

2021 मध्ये काय करता आलं असतं? सगळे कपलर उघडून गोड्या पाण्याने धुणं, स्लीव्ह सोडणं, गाळ काढणं. एका गाडीला एक दिवस. त्या आठवड्यात दारात ज्या रांगा होत्या त्या पाहता ते झालं नसतं, हेही खरं. पण निदान प्रत्येक मालकाला सांगता आलं असतं की वायरिंग सहा महिन्यांनी दाखवा. ते सांगितलं नाही. आता जुलै 2021 च्या कामांची वही काढून, ज्यांचे फोन लागतात त्यांना सांगतो. बऱ्याच जणांनी गाड्या विकल्यात.

काकांच्या मागच्या अर्थचा वीतभर तुकडा, क्लिपसकट, गॅरेजात खिळ्याला टांगलाय. नवा पोरगा कामाला आला की त्याच्या हातात तो आणि मीटर देतो, विचारतो, चांगली की खराब? मीटर बीप करतो. पोरगा म्हणतो, चांगली. मग त्याच वायरीतून हेडलाइटचा जुना बल्ब लावायला सांगतो.